हॉटेलात गार भाकरी आली तर तुम्ही परत पाठवता का?

वसुधा_जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात ठाण्याहून दीर-जाऊ आले होते. रात्री पावणेअकराला वंदे भारतने उतरले, दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला दर्शन झालं. परत यायला उशीर झाला म्हणून बाहेरच जेवू म्हटलं. जाऊबाईंची फर्माईश एकच होती, "वसुधा, बाकी काही नको, तुमच्याकडची भाकरी आणि शेंगाची चटणी."

अलीकडेच सुरू झालेल्या एका मोठ्या फॅमिली रेस्टॉरंटात गेलो. बसायची जागा छान, एसी, मुलांसाठी झोपाळा. 'सोलापुरी स्पेशल ताट' मागवलं. पंचवीस मिनिटांनी ताट आलं. भाकरी गार. नुसती गार असती तर चाललं असतं, ती आधी करून ठेवलेली होती आणि गॅसवर परत शेकवलेली, कडा चामड्यासारख्या. चटणी गोडसर, लसणाचा वाससुद्धा नाही. मटणाच्या वाटीत आणि पनीरच्या वाटीत रस्सा एकच.

हेही सोडून दिलं असतं. पण बरोबर सासूबाई होत्या, ७८ वर्षांच्या. त्यांनी भाकरी मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. वेटरला म्हणाल्या, "बाळा, एकच गरम दे." तो म्हणाला, "भाकरी अशीच असती आजी," आणि निघून गेला. सासूबाईंनी आयुष्यभर रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापल्या आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. ताकभात खाऊन उठल्या.

मीही गप्प बसले. पाहुण्यांसमोर कुरकुर नको म्हणून. बिलात वर ५ टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता, तोही भरला. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. जाऊबाई आता ठाण्यात जाऊन सांगणार की सोलापूरची भाकरी अशी असते.

तुम्ही अशा वेळी काय करता? भाकरी परत पाठवता? आणि गरम भाकरी मिळण्याची अजून खात्री कुठे आहे?

बारक्या_बाळे

हॉटेलचं नाव टाका की ताई. आमचे पैसे तरी वाचतील.

वसुधा_जुळे_सोलापूर

@बारक्या, नाव नाही टाकणार. एकाच संध्याकाळचा अनुभव आहे. त्यांना सांगण्याआधी गावभर सांगणं मला पटत नाही.

चाटीगल्लीकर

वसुधाताई, वाईट वाटलं वाचून. माझा नियम सांगतो. मेनूकार्ड उघडायचं आणि पानं मोजायची. चार पानांच्या वर असेल तर भाकरी मागवायची नाही. ज्या भटारखान्यात नूडल्स, पिझ्झा, तंदूर आणि भाकरी चारही होतात तिथं भाकरीला कोपऱ्यातली एक शेगडी मिळते. तिथं रोटी खावी आणि घरी यावं.

भाकरी खायची तर जिथं मेनूकार्डच नाही तिथं जावं. बसलं की ताट येतं.

सुमन_अक्का

चाटीगल्लीकर, असं कसं म्हणता? 'सोलापुरी स्पेशल' नाव देऊन पैसे घेतले ना त्यांनी? मग भाकरी गरमच आली पाहिजे. आपण पानं मोजत बसायचं आणि त्यांनी काहीही द्यायचं, हे काही बरोबर नाही. मी परत पाठवते. दरवेळी. शांतपणे सांगते, "ही गार आहे, दुसरी आणा." आवाज चढवायचा नाही, पण हातही लावायचा नाही त्या भाकरीला.

महांतेश_शेळगी

धागा वाचून आमच्या जुन्या लिंगायत खानावळीची आठवण आली. माझे आजोबा गिरणीत होते. जुनी मिल १८७७ ची, त्यानंतर एकेक करत बाकीच्या आल्या. गावाकडून एकटे आलेले कामगार महिन्याचं खातं लावून खानावळीत जेवायचे. भोंगा झाला की पंगत. आजोबा सांगायचे, वाढप्याला कुणाला किती तिखट चालतं, कुणाचा सोमवार, कुणाला अमावस्येला काय चालत नाही, सगळं तोंडपाठ असायचं.

मी स्वतः कॉलेजात असताना तसल्याच एका खानावळीत तीन वर्षं जेवलो. लाकडी बाक, स्टीलचं ताट. ज्वारीची भाकरी, भरली वांगी (आमच्यात एण्णगाई म्हणतात), एक पालेभाजी डाळ घालून, शेंगाची चटणी, कच्चा कांदा, दही. सणाला गव्हाची हुग्गी. वाढणारे शिवण्णा म्हणून होते. ताटातली भाकरी पाव उरली की ते आत बघून नुसता हात वर करायचे. तुमचा शेवटचा घास संपायला आणि पुढची भाकरी ताटात पडायला एकच गाठ. त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही "अजून पाहिजे का" विचारलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मी कमी जेवायला लागलो तर ताटात दही जास्त पडायचं.

सर्व्हिस म्हणजे मला तेच आठवतं.

पूर्वभाग_श्रीनिवास

महांतेश, तुमच्याकडे कन्नडमध्ये 'साकु' म्हटल्याशिवाय वाढपी थांबत नाही. आमच्या पूर्व भागात तेलुगू मेसमध्ये 'चालु' म्हणावं लागतं. चालु म्हणजे बास.

आता गंमत बघा. कन्ना चौकाजवळच्या एका मेसमध्ये पुण्याहून आलेला माझा मित्र जेवायला बसला. शेजारच्या ताटावरचे काका पप्पू (म्हणजे डाळ) वाढणाऱ्याला "चालु, चालु" म्हणाले. याला वाटलं 'चालू द्या' म्हणायलेत आणि वाढपी ऐकेना म्हणून थांबलाय. हा मदत करायला गेला, "अहो, चालू ठेवा म्हणतायत ते!" वाढप्याने अजून दोन पळ्या ओतल्या. काका याच्याकडे बघतायत, हा खूश होऊन मान हलवतोय.

बारक्या_बाळे

😂😂 श्रीनिवास, लई भारी बे. सोलापुरात जेवायला बसण्याआधी तीन भाषेत 'बास' शिकून घ्या म्हणावं.

नसीम_विजापूर_वेस

चार भाषा म्हणा. आमच्याकडे "बस बस" म्हटलं तर समजतं, पण पाहुण्याचं एक 'बस' कुणी ऐकत नाही. तीन वेळा म्हटल्यावर हात थांबतो.

अॅड_सातरस्ता

गमतीत व्यत्यय आणतोय, पण वसुधाताईंनी सर्व्हिस चार्जचा उल्लेख केलाय आणि त्यावर कुणीच बोललं नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घेता येत नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला सेवा नाकारता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना वैध ठरवल्या. म्हणजे तो पूर्णपणे तुमच्या खुशीचा मामला आहे. "हा काढून बिल परत द्या," एवढंच म्हणायचं. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जीएसटी वेगळा. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के आहे आणि तो द्यावाच लागतो. छोट्या हॉटेलांपैकी ज्यांनी कंपोझिशन योजना (मालकाने स्वतः उलाढालीवर ठरावीक कर भरायचा) घेतली आहे त्यांना मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि वेटरशी भांडतात, म्हणून सविस्तर लिहिलं.

आणखी एक. बिलावर १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असतो, १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे. कधी पोट बिघडलं, तर तक्रार करताना तो नंबर उपयोगी पडतो. बिल टाकून देऊ नका.

वसुधा_जुळे_सोलापूर

@अॅड_सातरस्ता, मनापासून आभार. मला वाटत होतं तो टॅक्सच आहे. बिल आहे माझ्याकडे. पाण्याची २० ची बाटली ३५ ला लावली आहे, त्याचं काय?

अॅड_सातरस्ता

दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. बसून खायच्या हॉटेलात मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला आहे, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची सोय आणि सेवाही दिली जाते. त्यामुळे त्यावर भांडू नका. साधं पाणी मागा.

खानावळवाला

मी हा धागा काल रात्रीपासून वाचतोय. माझं स्वतःचं छोटं हॉटेल आहे, चाळीस माणसं बसतात. जाहिरात करायची नाही म्हणून कुठं ते सांगत नाही. दुसरी बाजूपण ऐका.

गार भाकरी देणं चूकच. आजींना जे उत्तर मिळालं ते तर माझ्या पोऱ्याने दिलं असतं तर मी स्वतः जाऊन पाया पडलो असतो.

पण भाकरी करणारी बाई मिळत नाही हो. चपातीला मशीन आलं, रोटीला तंदूरवाला यूपीतून येतो. माझ्याकडे भाकरीला हातच लागतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, लाटता येत नाही, आधण घालून मळायचं आणि हाताने थापायचं. मळून ठेवलं तर तासाभरात चिरा पडतात. पीठ जुनं असलं की विरी जातं, भाकरी थापतानाच फाटते. म्हणून मी आठवड्याला दळून आणतो, तेही मंगळवेढ्याच्या मालदांडीचं. त्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, ती महागच असते. स्वस्तातलं हायब्रीड घेतलं तर भाकरी पांढरी दिसत नाही आणि अर्ध्या तासात दगड होते.

पाण्याचं तर बोलूच नका. नळाला काही दिवसाआड पाणी. ताटं धुवायला टँकर घ्यावा लागतो.

आणि गिऱ्हाईक. मी भिंतीवर पाटी लावलीय, 'भाकरी ताजी करून देतो, १५ मिनिटे लागतील'. दहाव्या मिनिटाला माणूस ओरडायला लागतो. काय करायचं सांगा.

सुमन_अक्का

@खानावळवाला, तुमचं सगळं मान्य. पण मग पंधरा मिनिटांनी गरम आणा. पंचवीस मिनिटांनी गार आणली तर गिऱ्हाइकाने कशाची वाट बघितली?

नितीन_डोणगाव_रोड

अक्का बरोबर बोलायलेत. पण एक गोष्ट आपल्यातच आहे आणि ती कुणी लिहिली नाही म्हणून लिहायलोय. आपण वेटरशी कसं बोलतो? "ए", "ए बारक्या", "ए पोऱ्या". चुटक्या वाजवतो. माझा भाऊ दोन वर्षं हायवेवरच्या ढाब्यावर होता. त्याला तिथं नावाने हाक मारणारी गिऱ्हाइकं तीनच होती, तिन्ही ट्रकवाले. तो म्हणतो, दिवसभर 'ए' ऐकून रात्री दहाला तोंडातून गोड शब्द यायला ताकद लागते.

आजींना तसं बोलायला नको होतं हे खरंच. पण तो पोरगा सकाळी किती वाजल्यापासून उभा होता ते आपल्याला ठाऊक नाही.

चाटीगल्लीकर

नितीन, उभा तर शिवण्णापण राहायचे. त्यांच्या तोंडून असं आलं नाही.

महांतेश_शेळगी

@चाटीगल्लीकर, शिवण्णांना आम्ही अण्णा म्हणायचो. मालकपण अण्णाच म्हणायचा. नितीनच्या बोलण्यात दम आहे.

रेश्मा_लष्कर

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझी आई एका हॉटेलात भाकऱ्या करते. सोळा वर्षं झाली. म्हणून मला वाटलं आतलं काय असतं ते सांगावं.

आई सकाळी दहाला जाते, चारला येते. संध्याकाळी साडेसहाला परत, रात्री अकरापर्यंत. दोन तवे असतात. आधण, मळणं, थापणं, तव्यावर वरून पाण्याचा हात, उलटणं, मग जाळावर फुगवणं. कितीही हात चालला तरी दोन तव्यांवर तासाला चाळीसच्या आसपास होतात. शनिवार-रविवारी रात्री आठ ते साडेनऊ सगळी टेबलं एकदमच भरतात आणि त्या दीड तासात शंभर भाकऱ्या लागतात. एकटी बाई कुठून आणणार? म्हणून आल्याआल्याच टोपलीत फडकं घालून थर लावायला सांगतात. गरम भाकरीवर गरम भाकरी ठेवली की घाम सुटतो, वाफ आतच मुरते आणि वातड होते. मग तीच गॅसवर धरून देतात. वसुधाताईंच्या ताटात जी आली ती तशीच असणार, वाचल्यावाचल्या ओळखली.

आईला हे माहीत असतं. तिला ती टोपली बघवत नाही. पण तिला नगावर पैसे आहेत, आणि आधीच्या हॉटेलात परत आलेली भाकरी तिच्या नगातून कापायचे. भाकरी तिने चांगलीच केलेली असायची. थंड झाली ती टोपलीत. म्हणून सुमन अक्का, तुम्ही शांतपणे परत पाठवता ते चांगलंच आहे, पण एवढंच करा की नुसतं ताट आत पाठवू नका. गल्ल्यावर जाऊन मालकाला सांगा की भाकरी केलेली चांगली आहे, ठेवलेली गार आहे. त्याने फरक पडतो. आत कुणाला बोलणी बसतात ते यावर ठरतं.

आणि एक सोपी गोष्ट आहे. ऑर्डर देतानाच म्हणा, "भाकरी आमचं अर्धं जेवण झाल्यावर एकेक टाका, घाई नाही." आई म्हणते असं कुणी सांगितलं की वेटर खिडकीतून ओरडतो, "चार नंबरला तव्यावरची!" मग टोपलीकडे कुणी हात नेत नाही. तिला ते टेबल आवडतं. मधूनच खिडकीतून बघते कोण आहेत म्हणून.

सुमन_अक्का

रेश्मा बाळा, नगातून कापतात हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं परत पाठवतेय मी. इथून पुढे गल्ल्यावरच जाईन. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

खानावळवाला

@रेश्मा, मी नग कापत नाही, पण टोपलीचं खरं आहे, आम्हीपण शनिवारी थर लावतो. तिसरा तवा आणि संध्याकाळपुरती दुसरी बाई बघतो आता. तुमच्या आईच्या ओळखीत कुणी असेल तर निरोप द्या.

उज्ज्वला_मंगळवार_पेठ

भाकरीचं झालं, आता चटणीचं कुणी बोला! गोडसर शेंगाची चटणी म्हणजे काय? भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. संपलं. उखळात कुटली की शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा वळता येतो. मिक्सरमध्ये भुगा होतो, तेल सुटत नाही, कोरडी राहते. मग कोरडेपणा लपवायला वरून तेल आणि साखर. जिभेला लगेच कळतं.

चिमटीत धरून दाबून बघा. बोटाला लालसर तेल लागलं तर कुटलेली.

बारक्या_बाळे

ताई, घरी पार्सल न्यायची तर कुटलेली किती दिवस राहते?

उज्ज्वला_मंगळवार_पेठ

बरणी कोरडी असेल तर महिनाभर आरामात. ओला चमचा घातला की गेली. बरोबर कडक भाकरी न्यायची, ती तर त्याहून टिकते. वाळवून पापडासारखी केलेली असते, चुरून दह्यात किंवा आमटीत घालायची. वसुधाताई, जाऊबाईंना एक पुडकं कुरिअर करा. ठाण्यात परत बोलणी खायला लागणार नाहीत.

मोहोळकर_गजानन

विषय थोडा बदलतोय, पण चांगला अनुभवपण नोंदवला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री साडेअकरा वाजले, दिवसभर पोटात काही नव्हतं. स्टेशनकडे निघालो, एका साध्या हॉटेलात खुर्च्या टेबलावर चढवलेल्या, फरशी पुसायला घेतलेली. मी दारातूनच वळलो. आतल्या मामांनी हाक मारली, "पेशंट हाय का तुमचा?" माझ्या हातात फाईल होती ती बघितली त्यांनी. खुर्ची खाली घेतली. भाकऱ्या संपल्या होत्या. पिठलं टाकलं, सकाळची भाकरी चुरून त्यात शिजवली, वर कच्चं तेल आणि कांदा. ती भाकरी गारच होती मंडळी, सकाळची होती, आणि मी असं जेवण परत जेवलेलो नाही. पैसे किती म्हटलं तर म्हणाले, "हे मेनूत नाही, काय लावू?" शेवटी पिठल्याचे घेतले.

वडील आता बरे आहेत. मोहोळहून सोलापूरला आलो की तिथंच जेवतो.

नसीम_विजापूर_वेस

गजाननभाऊ, डोळे भरून आले. अब्बांनापण सलाम सांगा.

कॅलिफोर्निया_ते_पाकणी

इतक्या लांब बसून हा धागा वाचणं म्हणजे शिक्षा आहे. इथे येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात बसून भज्जी आणि अंबील कुठून आणू? जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येतोय. एक हुरड्याची सकाळ आणि एक गरम भाकरी, दोन्हींची सोय कोण करतंय ते आत्ताच सांगा.

नितीन_डोणगाव_रोड

हुरडा माझ्याकडं. शेत आहे. भाकरी तिथंच करू, दगडाची चूल मांडू.

वसुधा_जुळे_सोलापूर

मंडळी, मला उत्तर मिळालं म्हणून परत लिहितेय. काल दुपारी मी आणि सासूबाई त्याच हॉटेलात गेलो होतो. मला जायला धीर होत नव्हता, त्याच म्हणाल्या, "चल, सांगून तरी येऊ."

गर्दी नव्हती. आधी गल्ल्यावर गेले. मालक तरुण आहे, तिशीतला. रेश्माने सांगितलं तसंच म्हटलं, भाकरी करणारीचा हात चांगला आहे, पण ठेवलेली गार मिळाली, आणि माझ्या सासूबाईंना असं उत्तर मिळालं. तो उभा राहिला. सर्व्हिस चार्जचं बिल दाखवलं तर म्हणाला, "कॉम्प्युटरवालाच तसं बसवून गेलाय, काढायला सांगतो." पैसे परत देत होता, पण मी घेतले नाहीत. काढलाय की नाही ते पुढच्या बिलावर बघेन.

तो वेटर होता तिथे. नाव मुद्दाम विचारलं, पण इथे लिहीत नाही. जेमतेम वीस वर्षांचा, उमरग्याकडचा. सासूबाईंनी त्याला जवळ बोलावून विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला, साडेतीननंतर जेवतो म्हणाला. मग एकेक करून तव्यावरच्या भाकऱ्या आणल्या त्याने, पदर सुटलेल्या, टम्म. तिसरी आणताना वाफेने हात पोळत होता तरी पळत आला. सासूबाईंनी दीड भाकरी खाल्ली. गेल्या वर्षभरात त्यांनी दीड खाल्लेली मला आठवत नाही.

आतल्या मावशींना भेटायचं म्हणाल्या म्हणून भटारखान्याच्या दारापर्यंत गेलो. दोघी पाच मिनिटं पिठावर बोलल्या.

चटणी अजून गोडच आहे. तेही सांगून आले.

उज्ज्वला_मंगळवार_पेठ

चटणीचं मी येऊन सांगते त्यांना. नाव व्यक्तिगत निरोपात कळवा.

रेश्मा_लष्कर

ताई, आईला वाचून दाखवलं. ती दोनदा वाच म्हणाली.

बारक्या_बाळे

मलापण कळवा ताई. रविवारी सकाळी आईला घेऊन जातो. सकाळी चालू असतं का?

पूर्वभाग_श्रीनिवास

आधी सांग बारक्या, 'चालू' म्हणजे उघडं, का बास? 😄

वसुधा_जुळे_सोलापूर

उघडं. अकरानंतर जा, तोवर तवा तापलेला असतो.